पिल्लाचं पोट उडतंय आणि दूधही पीत नाही : आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरीची दोन पिल्लं सापडली, अंदाजे पाच आठवड्यांची. आई दोन दिवस फिरकलेली नाही. एका पिल्लाला शिंका आहेत, डोळे चिपडांनी चिकटलेत, श्वास भराभर चाललाय आणि कालपासून ते दुधाला तोंड लावत नाही. दुसरं वरवर ठीक आहे. शेजारच्या काकूंनी लहान मुलांचे तापाचे थेंब द्यायला आणि नाकाला बाम चोळायला सांगितलंय. घरातले सिरिंजने थोडं थोडं दूध घालताहेत. पुढे काय करावं?

पुढचं सांगण्याआधी थेंब, बाम आणि सिरिंज या तिन्ही गोष्टी आत्ता बाजूला ठेवा.

लहान मुलांच्या तापाच्या थेंबांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं. आपल्या शरीरात ज्या वाटेने त्याचा निचरा होतो ती वाट मांजरात जवळजवळ नसतेच. त्यामुळे औषधाचा विषारी भाग रक्तात साठतो, रक्त चॉकलेटी पडतं आणि त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या करड्या-तपकिरी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. म्हणजे ज्या पिल्लाला आधीच श्वास पुरत नाही, त्याचा उरलासुरला श्वासही आपण काढून घेतो. मांजरासाठी पॅरासिटामॉलचा 'थोडासा' असा सुरक्षित डोस नाही. एखादा थेंब आधीच दिला गेला असेल तर तो किती वाजता आणि किती दिला, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. बामाचंही तसंच. त्यात कापूर, मेंथॉल, निलगिरीचं तेल असतं. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं आणि ही तेलं त्याला बाधतात. वाफेच्या पाण्यातही ती नकोत. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल हे सगळं त्या खोलीतून हलवा.

आता सिरिंजबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं आणि ते मायेपोटी होतं. गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो. मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणाऱ्या पिल्लाला तो क्षण परवडत नाही. आपण दूध आत ढकलतो, पिल्लू त्याच क्षणी श्वास ओढतं आणि दूध फुप्फुसात जातं. मग ठसका लागतो, नाकातून दुधाचा फेस येतो आणि दुसऱ्या दिवशी साध्या सर्दीचा न्यूमोनिया झालेला असतो. माझ्याकडे 'काल बरं होतं, रात्री दूध पाजलं आणि सकाळपासून धाप लागली' असं सांगत येणारी पिल्लं दर हंगामात असतात. त्यातली बरीचशी बाळासारखी पाठीवर झोपवून पाजलेली असतात. मांजरीचं पिल्लू आईला पितं ते पोटावर, पंजे टेकून, मान किंचित वर करून. उताणं कधीच नाही.

'ते खात नाही' याची काळजी आपल्याला सगळ्यात जास्त वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. पण इतक्या लहान पिल्लात खाणं बंद होणं हे बहुतेक वेळा परिणाम म्हणून येतं. आधी श्वास बघायचा, मग अंगातली ऊब, मग रक्तातली साखर, आणि अन्न या सगळ्यानंतर. हा क्रम उलटा केला की पिल्लू दगावतं. म्हणून मीही त्याच क्रमाने सांगते.

पिल्लू शांत झोपलेलं असताना त्याला हात न लावता श्वास मोजा. छाती एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा, किंवा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात भेदरलेल्या पिल्लाचा श्वास तसाही वाढतो. झोपेत 20 ते 35 च्या आसपास असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा मोजूनही 40 च्या वर येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. गुरगुरत असताना मोजू नका, आकडा चुकतो. आणि गुरगुरतंय म्हणजे मजेत आहे असंही धरू नका. मांजरं दुखण्यातही गुरगुरतात.

आकडा कळल्यावर श्वास घेण्याची तऱ्हा बघा. त्रास नाकात आहे की छातीत, हे घरबसल्याही बऱ्यापैकी ओळखता येतं. नाकाचा त्रास गाजावाजा करतो : शिंका, शेंबूड, घुरघुर, चिकटलेले डोळे. असं पिल्लू कंटाळलेलं असतं, पण जाग आल्यावर इकडेतिकडे बघतं, भावंडाच्या अंगावर जातं. छातीचा त्रास गुपचूप असतो. शिंका फारशा नसतात, आवाजही नसतो, पण पोट उडत असतं. बरगड्यांच्या मागे दर श्वासाला खड्डा पडतो. पिल्लू कुशीवर पडत नाही. कोपरं अंगापासून फाकवून, मान पुढे ताणून, एकाच जागी बसून राहतं आणि हात लावलेला त्याला नको असतो. घरच्यांना वाटतं, किती शहाण्यासारखं बसलंय! असं 'शहाणं' बसलेलं पिल्लू मला जास्त घाबरवतं.

आणि तोंड उघडून श्वास. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं, ते त्याचं रोजचंच. शांत बसलेलं मांजर तसं करत असेल तर थांबायला वेळ नाही. हिरड्या किंवा जीभ निळसर, करडी किंवा पांढरीफटक दिसली तरी तेच. अशा वेळी घरी काही पाजू नका, तपासत बसू नका, पुसापुशी करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, वरून हलकं कापड टाका आणि निघा. छातीशी घट्ट कवटाळून नेऊ नका. आधीच अपुरी पडणारी छाती आपल्याच हाताने दाबली जाते. वाटेतून दवाखान्यात फोन करून 'मांजरीचं पिल्लू, तोंडाने श्वास घेतंय, ऑक्सिजन आहे का' एवढं विचारा. सगळ्या दवाखान्यांत ऑक्सिजन नसतो, आणि जिथे नाही तिथे जाऊन परत फिरण्यात जीव जातो. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय ठाऊक असतंच. पुण्या-नाशकात, नागपुरात खाजगी दवाखाने पुष्कळ आहेत, पण रात्री कोणता उघडा असतो हे पिल्लू आजारी पडण्याआधी शोधून ठेवलेलं बरं.

श्वास बेताचा असेल, तोंड मिटलेलं असेल, तर आता ऊब बघा. थर्मामीटर घरोघरी फॅरनहाइटचा असतो म्हणून त्यातच सांगते. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं तापमान 95 ते 99 इतकंच असतं. चार आठवड्यांनंतर ते मोठ्या मांजराइतकं, म्हणजे 100 ते 102.5 च्या दरम्यान यायला हवं. मोजायचं गुदद्वारातून, डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून, अगदी अलगद. जमत नसेल तर पंजे आणि तोंडाचा आतला भाग बोटाने तपासा. तोंड आतून गार लागलं तर पिल्लू गारठलंय. तापमान 95–96 च्या खाली असेल तर आतडी हलत नाहीत. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, फुगतं, आंबतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. त्यामुळे गार पिल्लाला अन्न नाही, हा नियम मोडायचा नाही.

ऊब हळूहळू द्यायची, तास-दोन तास घेऊन. प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उकडायला लागलं तर पिल्लाला सरकता येईल. बाटली थेट अंगाला लागू देऊ नका. निपचित पिल्लू भाजलं तरी हलत नाही. हेअर ड्रायर, हीटरसमोर धरणं, कडक पाण्याने शेकणं, यातलं काही नको. पाणी गार झालं की बाटली बदला, कारण गार बाटली पिल्लाच्या अंगातली ऊब ओढून घेते. रात्री तीन वाजता हेच विसरलं जातं.

साखरेचं काम छोटं पण तातडीचं. मोठं मांजर चार-पाच दिवस जेवलं नाही तर यकृतावर चरबी चढते. पिल्लाला तेवढी मुदतच मिळत नाही, काही तासांच्या उपासाने त्याची साखर उतरते. मान टाकणं, लटपटणं, झटके येणं ही तिची चिन्हं. पाव चमचा कोमट पाण्यात चिमूटभर ग्लुकोज पावडर विरघळवा, बोट बुडवून हिरड्यांवर चोळा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चोळा. ओतायचं नाही, चोळायचं. ग्लुकोज नसेल तर घरातली साखर चालते.

पिल्लू गरम आहे, श्वास चाळीसच्या आत आहे, मान धरतंय. आता अन्न. मांजर नाकाने जेवतं. वास आला नाही तर वाटीत काय आहे ते त्याला कळतच नाही, म्हणून नाक चोंदलेलं पिल्लू भुकेलं असूनही तोंड फिरवतं. तेव्हा जेवणाआधी नाक मोकळं करायचं. कोमट पाण्यात कापूस भिजवून नाकावरची खपली ओली करा, मिनिटभर थांबा, मग पुसा, ओरबाडू नका. डोळ्यांची चिपडं तशीच, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. मेडिकलमध्ये साध्या सलाईनचे नाकाचे थेंब मिळतात, त्यातला एकेक थेंब चालतो. पण बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड लिहिलंय ना, ते वाचून घ्या. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मांजराला धोक्याचे आहेत. घरात नेब्युलायझर असेल तर त्यात निव्वळ सलाईन घालून, पिल्लू खोक्यात ठेवून, खोक्यावर सैल कापड टाकून दहा मिनिटं वाफारा द्या. तोंडाला मास्क लावून धरू नका. नेब्युलायझर नसेल तर न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरा आणि पिल्लाला मांडीवर घेऊन दार लावून बसा. बादली मात्र त्याच्या पोहोचेबाहेर असू द्या.

पाच आठवड्यांचं पिल्लू चाटून खायला शिकलेलं असतं किंवा शिकण्याच्या बेतात असतं. पिल्लांसाठीचं ओलं खाणं मिळतं, त्याचं पाकीट गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून अंगाइतकं कोमट करा. किंवा चिकन बिनमिठाचं उकडून, त्याच पाण्यात अगदी गुळगुळीत वाटा. कांदा-लसूण अजिबात नको, ते मांजराच्या रक्तपेशी फोडतात. कोकणातल्या घरांत बांगड्याचं किंवा बोंबलाचं उकडलेलं पाणी वापरतात. वासाला ते फर्मास आहे, फक्त मासा ताजा हवा; खारवलेली सुकट नको. थोडंसं बोटाने त्याच्या वरच्या ओठावर लावा आणि हात मागे घ्या. चाटलं तर पुन्हा लावा. चाटलं नाही तर तासाभराने बघा. जबरदस्तीने तोंडात कोंबलं तर बरं झाल्यावरही ते त्या अन्नाकडे फिरकत नाही.

गाईच्या किंवा पिशवीच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या मानाने प्रथिनं आणि चरबी कमी, लॅक्टोज जास्त. त्याने जुलाब होतात आणि आजारी पिल्लू आणखी सुकतं. पिल्लांसाठीची दूध पावडर दुकानात आणि ऑनलाइन मिळते, तीच घ्या. दूधपोळी हे आपल्याकडचं मांजराचं ठरलेलं जेवण, पण त्यावर पिल्लू वाढत नाही, त्याला मांसाहारच लागतो. बाटलीने पाजण्याइतकं लहान असेल तर एका वेळी वजनाच्या दर 100 ग्रॅमला फार तर 4 मिली, पोटावर ठेवून, त्याच्या चोखण्याच्या वेगाने. आजारात याच्या अर्ध्यावर सुरुवात करा. आणि तीन आठवड्यांखालच्या पिल्लाला पाजल्यानंतर ओल्या कापसाने खालून पुसून शी-शू करवावी लागते. आई चाटून करवते, ते काम आता आपलं.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा या दिवसांत थर्मामीटरपेक्षाही कामाचा. रोज त्याच वेळी वजन करा, भिंतीवर लिहून ठेवा. जन्मतः साधारण 100 ग्रॅम, पुढे रोज 10 ते 15 ग्रॅमची भर, म्हणजे पाच आठवड्यांना साडेचारशेच्या आसपास. रस्त्यावरची पिल्लं याहून हलकी असतात, तेवढ्याने घाबरू नका. पण सलग दोन दिवस वजन वाढलं नाही किंवा एका दिवसात उतरलं तर ते खातंय असं दिसत असूनही दाखवा. लघवीकडेही बघा. लहान पिल्लाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. गडद पिवळी झाली की अंगातलं पाणी कमी पडतंय.

दवाखान्यात काय होईल, तेही सांगते, म्हणजे 'डॉक्टरांनी हातच लावला नाही' अशी तक्रार नको. धाप लागलेल्या पिल्लाला आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून शांत होऊ देतात. तपासणी, रक्त, एक्स-रे हे सगळं त्यानंतर, थोडं थोडं. घाईने एक्स-रेसाठी दाबून धरलेलं पिल्लू टेबलावरच जाऊ शकतं. पाणी कमी असेल तर कातडीखाली कोमट सलाईन देतात.

तुमच्या वर्णनावरून पिल्लाला मांजरांची सर्दी, म्हणजे कॅट फ्लू झालाय असं दिसतं. तो बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी या दोन विषाणूंचा असतो. हर्पिस डोळे धरतो, कधी बुब्बुळावर व्रण पाडतो. कॅलिसी जिभेवर फोड आणतो, तेव्हा लाळ गळते आणि पिल्लू वाटीजवळ येऊन, वास घेऊन, मागे फिरतं. भूक आहे पण तोंड दुखतंय. अशा वेळी भूक वाढवण्याचं औषध मागण्यापेक्षा दुखणं कमी करण्याचं औषध आधी मिळायला हवं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, पण शेंबूड पिवळा-हिरवा झाला किंवा छाती धरली तर ते लागतं. डॉक्सिसायक्लिन बऱ्याचदा देतात. त्याची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, म्हणून पातळ औषध मागा किंवा गोळीमागून थोडं पाणी किंवा कोमट अन्न जायलाच हवं. हर्पिसवर म्हणून लायसीन या पूरकाची पावडर अजून खूप विकली जाते. तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. डोळ्यांत घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुब्बुळावर व्रण असेल तर डोळा जातो.

पण प्रत्येक धाप सर्दीची नसते. पिल्लाचे केस मागे सारून बघा, काळी बारीक रेती दिसते का? ती ओल्या टिशूवर ठेवली आणि तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. भरपूर पिसवा इवल्याशा पिल्लाचं इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात आणि रक्त कमी म्हणून श्वास वाढतो. बारीक फणी आणि कोमट साबणपाण्याने त्या काढा, लगेच पुसून कोरडं करा. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनची किंवा अमिट्राझची औषधं मांजराला लावायची नाहीत, त्याने झटके येऊन मृत्यू येतो. पोट नगाऱ्यासारखं आणि बाकी अंग काटकुळं असेल तर जंत. ते आईच्या दुधातूनही येतात आणि त्यांच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात, तेव्हा खोकला होतो. जंताचं औषध तीन आठवड्यांपासून देता येतं, पण मलूल पिल्लाला डॉक्टरांना विचारूनच. दूध कायम नाकातून येत असेल तर टाळू फाटलेला आहे का ते तोंड उघडून बघून घ्या. गॅलरीतून पडलेल्या पिल्लाला बाहेरून खरचटलेलंही नसतं आणि आत छातीत हवा किंवा पोटाचे अवयव शिरलेले असतात. पर्शियन पिल्लाच्या चपट्या नाकात मुळातच जागा कमी, त्यामुळे त्याची साधी सर्दीही मी साधी धरत नाही. सर्दी काहीच नाही, पण आठवडे-महिने वाढ खुंटलीय, ताप येतो-जातो आणि श्वास हळूहळू जड होतोय, असं असेल तर छातीत पाणी आहे का ते बघावं लागतं. त्यामागे एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा आजार असू शकतो. तो पूर्वी असाध्य होता. आता त्यावर औषध आहे, पण कोर्स लांब आणि खर्चिक.

उलट्या, जुलाब, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं आणि शिंका मात्र नाहीत, हे चित्र पॅनल्यूकोपेनियाचं, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं. त्यात तास मोजून हालचाल करावी लागते. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी 32 भाग या प्रमाणात घेऊन, आधी जागा धुऊन मग वापरावं लागतं.

माणसांसाठी दोन सूचना. पिल्लू चावलं किंवा त्याने ओरखडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. पिल्लू लहान आहे म्हणून सोडू नका, विशेषतः लाळ गळतेय आणि गिळता येत नाही अशा अनोळखी पिल्लाच्या बाबतीत. आणि कच्चं चिकन कुणालाच घालू नका. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तो सापडला.

आता ते दुसरं पिल्लू. ते आज ठीक दिसतंय, पण एकाच खोक्यात होतं, त्यामुळे पुढचे दहा दिवस त्याचंही वजन आणि श्वास रोज लिहून ठेवा. खोकी, वाट्या, टॉवेल वेगळे करा. आधी निरोग्याचं सगळं करा, मग आजाऱ्याचं, मग हात साबणाने धुवा. घरात आधीचं मांजर असेल तर दोन्ही पिल्लांना किमान दोन-तीन आठवडे बंद दाराच्या वेगळ्या खोलीत ठेवा आणि आधीच्या मांजराची वार्षिक लस चुकलीय का ते त्याच्या कार्डावर बघा. पिल्लांची तिहेरी लस (हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्यूकोपेनियाची) सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आजारी पिल्लाची पहिली लस ते बरं होऊन नीट खायला लागल्यावर. निरोग्याची, वजन वाढत असेल आणि हे दहा दिवस शिंकेशिवाय गेले, तर तेव्हाच उरकून घ्या.